नाद आणि गोंगाट



व्याख्यानमालेच्या चालकांनी बाहेरच्या फळ्यावर माझा विषय 'जपानी संगीतातील एक नवा प्रवाह' असा लिहिला आहे. तो वाचून कोणी मंजुळ तंतुवाद्ये आणि बासरी यांच्या अपेक्षेने आले असतील, तर त्यांची मी आरंभीच क्षमा मागतो. चालकांनी सौजन्याने जे झाकले ते मला उघड करणे भाग आहे. मी बोलणार आहे तो 'बोरिस' नावाच्या, तोक्यो शहरातल्या तीन वादकांच्या संचाविषयी, आणि त्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या 'नो' या ध्वनिमुद्रिकेविषयी. 'नो' म्हणजे नाही. हे संगीत ज्या जातीचे आहे तिला 'मेटल' म्हणतात. मेटल म्हणजे धातू, आणि प्रथम ऐकणाऱ्याला पत्र्याच्या गोदामात हत्ती शिरल्याचा भास होतो. मलाही झाला होता.

मी संगीताचा शास्त्री नव्हे. चाळीस वर्षे मैफिलींतून सतरंजीवर बसून ऐकणारा एक साधा श्रोता आहे. मग या वयात मी या वाटेला कसा गेलो, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा धाकटा भाऊ गेला. रुग्णालयातून त्याला परस्पर स्मशानात नेले. घरच्यांना त्याचे तोंडही नीट पाहता आले नाही. ते दिवस आपण सर्वांनीच पाहिले आहेत, त्याचे वर्णन करीत नाही. त्याचा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. महिना उलटून गेल्यावर भावजय मला म्हणाली, "भाऊजी, हा पोरगा रडत नाही, बोलत नाही. दिवसभर कानाला ते लावून बसतो. तुम्ही एकदा बघा त्याच्याकडे."

मी त्याच्या खोलीत गेलो. काय ऐकतोस म्हणून विचारले. त्याने उत्तर न देता आपल्या कानांवरचे यंत्र काढून माझ्या कानांवर ठेवले. मिनिटभरात मी ते उतरवले आणि म्हणालो, "अरे, हे संगीत आहे की गोंगाट?" तो शांतपणे म्हणाला, "काका, एका मिनिटात काय कळणार? राग कळायला विलंबित ख्याल बसून ऐकावा लागतो, हे तुम्हीच सांगता ना?" माझेच वाक्य माझ्यावर उलटले होते. मी खाली बसलो. तेव्हा तो आणखी एक वाक्य बोलला. "सगळे येतात आणि 'धीर धर' म्हणतात. हे एकच आहे, जे मला धीर धर म्हणत नाही."

त्या दिवसापासून मी ऐकू लागलो. आज जे सांगणार आहे ते त्या ऐकण्याचे फळ आहे.

या संगीताचा उगम एका अपघातात आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करी आणि फावल्या वेळात गिटार वाजवी. १९६५ साली, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. हा मुलगा डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. आता वादन संपले असे तो धरून चालला. पण कारखान्यातल्या मुकादमाने त्याला एक तबकडी ऐकवली. ती जँगो राइनहार्ट या वादकाची होती. आगीत हात भाजून त्याची दोन बोटे कायमची अधू झाली होती आणि तरीही तो युरोपातल्या नामांकित वादकांत गणला गेला. ते ऐकून या मुलाने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि त्यांवर चामडे चिकटवले. अशा बोटांनी ताणलेल्या तारा दाबवेनात, म्हणून त्याने बारीक तारा वापरल्या आणि पुढे त्या सैल करून खालच्या स्वरात लावल्या. सैल तारेतून जो जड, घोगरा, भुईतून आल्यासारखा आवाज निघाला, तो या साऱ्या संगीताचा मूळ आवाज ठरला. १९७० साली त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. म्हणजे धातूने बोटे तोडली आणि त्याच बोटांनी धातूचे संगीत घडवले. पोरांचा धिंगाणा म्हणून आपण जे झटकून टाकतो, त्याच्या मुळाशी एका कामगाराची दुखापत आहे, एवढे तरी ध्यानात असू द्यावे.

पुढे अमेरिकेत 'मेल्व्हिन्स' नावाच्या संचाने हा जड आवाज आणखी संथ केला. त्यांच्या १९९१ सालच्या ध्वनिमुद्रिकेत 'बोरिस' नावाचे एक गाणे आहे. १९९२ साली तोक्योमध्ये काही तरुण एकत्र आले आणि त्यांनी त्या गाण्याचेच नाव आपल्या संचाला दिले. संचात आरंभी चौघे होते, १९९६ पासून तिघे उरले. अत्सुओ हा तालवाद्ये वाजवतो आणि गातो, त्याच्या पाठीमागे एक भली मोठी घंटाथाळी टांगलेली असते. ताकेशी याच्या गळ्यात दोन दांड्यांचे वाद्य असते, एक दांडी गिटारची आणि दुसरी खर्जाच्या गिटारची. तोही गातो. आणि वाता ही बाई गिटार वाजवते. व्यासपीठावर ती विशेष हालत नाही, चेहरा निर्विकार असतो, आणि सभागृहाच्या भिंती हलवणारा आवाज तिच्याच बोटांतून निघत असतो.

हा संच प्रयोगशील म्हणतात तो का? १९९६ साली त्यांनी 'अब्सोल्युटेगो' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात रचना एकच, आणि ती सुमारे एक तास चालते. एकेक स्वर लांबत जातो, विरत जातो, पुन्हा उठतो. २०१६ साली 'मर्झबाऊ' या नावाने वाजवणारा जपानी कलावंत मासामी अकिता याच्याबरोबर त्यांनी 'गेन्शो' नावाची जोडमुद्रिका काढली. एका तबकडीवर बोरिसची गाणी, दुसरीवर अकिताचा निव्वळ गोंगाट, आणि दोन्ही दोन यंत्रांवर एकाच वेळी लावून ऐकाव्यात अशी योजना. कोणती मोठी लावायची आणि कोणती लहान, हे घरच्या श्रोत्याने ठरवायचे. ऐकणाराही वाजवणाऱ्यांतला एक झाला.

आता एक तासभर एकच स्वर, हे ऐकून आपण हसाल. पण श्रोतेहो, आपण तंबोरा ऐकतो तो किती वेळ? गायक बदलतात, राग बदलतात, रात्र सरते, तंबोरा तोच असतो. हे दूरचे नाते जोडतो आहे असे समजू नका. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, हे येथे सांगायला नको. त्याच घराण्यातल्या अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० च्या सुमारास अमेरिकेत गेले आणि तेथे ल मॉन्ट यंग व टेरी रायली या दोन रचनाकारांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. लांबवलेल्या एका स्वराचा ध्यास यंग यांना त्याच्याही आधीपासून होता. त्याला तंबोऱ्याची शिस्त मिळाली ती प्राणनाथांपाशी. पुढे अमेरिकेतल्या 'अर्थ' नावाच्या मेटल संचाने (हा अर्थ म्हणजे पृथ्वी, आपला अर्थ नव्हे) १९९३ साली लांबच लांब स्वरांची ध्वनिमुद्रिका काढली. त्या संचाचा प्रमुख यंग यांचे ऋण मोकळेपणाने मानतो. बोरिसची तासभराची रचना याच वाटेवरची आहे. बोरिसच्या वादकांनी किराणा गायकी ऐकली असे मी म्हणत नाही. पण ज्या विहिरीचे पाणी ते पितात, तिचा एक झरा मिरजेच्या बाजूने येतो, एवढे म्हणायला हरकत नाही.

पण माझा मुख्य मुद्दा निराळाच आहे. नाद म्हणजे शुद्ध आणि गोंगाट म्हणजे अशुद्ध, अशी आपण समजूत करून घेतली आहे. ही समजूत आपल्याच तंबोऱ्याने खोटी ठरवली आहे. मिरजेच्या कारागिराकडे जाऊन पाहा. तो तंबोऱ्याची घोडी अशी घासतो की तार तिच्यावर स्वच्छ न टेकता हलकेच घासत राहील. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून तो योग्य जागा शोधतो. हिलाच आपण जवारी काढणे म्हणतो. जवारी म्हणजे काय? मुद्दाम निर्माण केलेली झणझण! ती नसेल तर तंबोरा मुका वाटतो, आणि ती असेल तर एका तारेतून स्वरांची कारंजी उडतात, न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या वाद्यांवर निबंध लिहिला. जेथे तार छेडली तेथून जे उपस्वर नियमाप्रमाणे निघूच नयेत, तेही तंबोऱ्यातून आणि वीणेतून निघतात, असे त्यांनी दाखवून दिले. हा सारा चमत्कार तारेच्या त्या घासण्याचा.

जपानी लोकांनीही हेच केले आहे. त्यांच्या बिवा आणि शामिसेन या वाद्यांत तार वाद्याच्या अंगाला घासून झणझणावी अशी मुद्दाम रचना असते आणि तिला ते 'सावारी' म्हणतात. जवारी आणि सावारी! शब्दांचा संबंध आहे की नाही, त्या वादात मी पडत नाही. कानांचा संबंध मात्र निश्चित आहे. तोरू ताकेमित्सु या थोर जपानी रचनाकाराने १९६७ साली बिवा आणि शाकुहाची ही बासरी पाश्चात्य वाद्यवृंदासमोर उभी केली, तेव्हा न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना ही झणझण आणि तो फुंकरीचा फूत्कार संगीत म्हणून ऐकावा लागला.

आता विजेवरच्या गिटारकडे वळू. वर्धकात त्याच्या ताकदीबाहेर आवाज लोटला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटण्यातून मूळ तारेत नसलेले उपस्वर उसळतात. मेटल संगीताचा तो करकरीत आवाज याच रीतीने होतो. ही विजेची जवारीच म्हणा! आणि गंमत अशी की या आवाजात पुष्कळ स्वर एकदम वाजवले तर सगळा चिखल होतो. म्हणून हे वादक बहुधा दोनच स्वर एकत्र वाजवतात. ते कोणते? षड्ज आणि पंचम! या दोहोंच्या मिश्रणातून त्यांच्याखालचा, न वाजवलेला मंद्र षड्ज आपोआप घुमू लागतो. तो जो जडपणा अंगावर येतो, तो बराचसा या न वाजवलेल्या स्वराचा असतो. हे मला कळले त्या रात्री मी माझा तंबोरा खाली काढला आणि बराच वेळ नुसता छेडत बसलो.

आता 'नो' या ध्वनिमुद्रिकेकडे येतो.

७ एप्रिल २०२० रोजी जपान सरकारने तोक्यो आणि आणखी सहा प्रांतांत आणीबाणी जाहीर केली. त्याआधीच ओसाकामधल्या लहान संगीतगृहांतून करोनाचा फैलाव झाल्याचे उघड झाले होते, आणि 'लाइव्ह हाउस' या नावाने ओळखली जाणारी ही तळघरातली छोटी सभागृहे लोकांच्या डोळ्यांत सलू लागली होती. बोरिससारख्यांचे सारे आयुष्य अशा ठिकाणी आणि परदेशांच्या दौऱ्यांत जाते. दौरे रद्द झाले, सभागृहांना कुलपे लागली. तेव्हा या तिघांनी त्याच महिन्यांत ही ध्वनिमुद्रिका तयार केली आणि कोणत्याही कंपनीची वाट न पाहता जुलैमध्ये स्वतःच, संगणकाच्या मार्गाने, जगभरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवली.

तिच्यात अकरा रचना आहेत. पहिलीचे नाव 'जेनेसिस', म्हणजे उत्पत्ती. तिच्यात शब्द नाहीत. संथ, प्रचंड, एकेक पाऊल टाकीत येणारे स्वर आहेत. आणि मग एकाएकी बांध फुटतो. गाण्यांमागून गाणी धावत सुटतात, आखूड, वेगवान, ओरडून म्हटलेली. त्यांपैकी एकाचे नाव 'द्वेषाचे मंदिर' असे आहे. मध्येच 'आरसा' या नावाची संथ रचना येते आणि श्वास कोंडतो. पुन्हा धाव. पाऊण तासाच्या आत सगळे संपते, आणि शेवटी येते ती एक शांत रचना. तिचे नाव 'इंटरल्यूड', म्हणजे मध्यंतर! शेवटच्या रचनेला मध्यंतर का म्हणावे, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. त्याचे उत्तर मी शेवटी देतो.

या ध्वनिमुद्रिकेचे वर्णन त्या मंडळींनी स्वतः उपचाराचे संगीत असे केले, आणि त्याला 'टोकाचे' असे विशेषण जोडले. कर्णकटू गोंगाट आणि उपचार! हे ऐकून प्रथम मला हसू आले. मग शिमगा आठवला.

श्रोतेहो, गेल्याच महिन्या-दोन महिन्यांत आपण होळी पेटवली. होळीपुढे बोंब मारण्याची आपली चाल कोणी काढली, ठाऊक नाही. पण तो माणूस मनाचा मोठा जाणकार असला पाहिजे. वर्षभर जो माणूस सावकारापुढे, साहेबापुढे, सासऱ्यापुढे मान खाली घालून 'होय' म्हणतो, त्याला गावाने वर्षातून एकदा, अग्नीच्या साक्षीने, पालथी मूठ तोंडावर धरून गळा फाटेस्तोवर 'नाही' म्हणण्याची मुभा दिली. दुसऱ्या दिवशी तोच माणूस अंगाला राख लावून हसतमुखाने कामाला लागतो. आज आपण ती चाल सभ्यपणाच्या नावाखाली मिटवत आणली. चाल मिटली, बोंब मात्र पोटातच राहिली.

माझ्या पुतण्याच्या पोटात ती होती. त्याला बापाच्या मृत्यूवर रागवायचे होते, आणि रागवायला कोणी समोर नव्हते. आम्ही वडीलधाऱ्यांनी त्याला गीतेतले दाखले दिले, नामस्मरण सुचवले, प्राणायाम शिकवला. सगळे चांगलेच होते. पण पोळलेल्याला लगेच मलम लावून चालत नाही, आधी जखम धुवावी लागते आणि धुताना ती झोंबते. ते झोंबरे पाणी त्याला तोक्योतल्या तीन अनोळखी माणसांनी दिले. त्यांची भाषा त्याला येत नव्हती, आणि त्याने काही अडलेही नाही.

आता आक्षेप. ते आपल्या मनात आहेत आणि माझ्याही आहेत. पहिला आक्षेप असा की हा गोंगाट संगीत ठरला, तर मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनाही संगीत म्हणायचे काय? मी म्हणतो, आवाजाच्या जातीवर भांडण नाही, संमतीवर आहे. बोरिसचा श्रोता तिकीट काढून किंवा कानाला यंत्र लावून, आपल्या खुशीने त्या आवाजाखाली जातो. डीजेची भिंत आजारी म्हाताऱ्याच्या खिडकीशी येऊन उभी राहते आणि त्याला विचारीत नाही. लादलेला भूपही जुलूमच ठरतो.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. तो रास्त आहे. मोठा आवाज कानाच्या आतल्या नाजूक पेशी मारतो आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. ही मंडळी हाडांना हादरे बसतील इतक्या मोठ्याने वाजवतात, आणि अशा मैफिलींना जाणारे जाणते श्रोते कानांत बोळे घालून बसतात. मी पुतण्याला सांगितले, "राग खुशाल कर, पण कान शाबूत ठेवून कर." त्याने आवाज खाली आणला. आणि खाली आणल्यावरही त्यातले काही गेले नाही, हे त्याचे त्यालाच नवल वाटले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोठा वाटतो. संतापाचीही चटक लागते. 'नाही' म्हणण्यात सुख आहे, आणि जो नुसता 'नाही'च म्हणत राहतो तो शेवटी कोरडा होतो. होळी एक रात्र असते म्हणून ती होळी. बारा महिने पेटलेल्या आगीला वणवा म्हणतात. या प्रकारच्या संगीतातले कित्येक जण त्या वणव्यात अडकले आहेत, हे मी नाकारीत नाही.

पण आता त्या कोड्याचे उत्तर ऐका. २०२२ च्या जानेवारीत बोरिसची पुढची ध्वनिमुद्रिका आली. तिचे नाव एकच इंग्रजी अक्षर, 'डब्ल्यू'. 'नो'च्या शेवटी जे मध्यंतर होते, त्याचाच धागा धरून ही ध्वनिमुद्रिका सुरू होते. आणि हिच्यात आरडाओरडा जवळजवळ नाही. ती निर्विकार चेहऱ्याची वाता येथे साऱ्या गाण्यांत स्वतः गाते, आणि गाते ती कानाशी कुजबुजल्यासारखी. तीच माणसे, तीच वाद्ये, पण वादळानंतरच्या पाण्यासारखा आवाज. आणि पहिल्या नावाची दोन अक्षरे, एन आणि ओ, यांच्यापुढे हे डब्ल्यू अक्षर ठेवा. 'नाउ' असा शब्द होतो. त्याचा अर्थ 'आता'. नुसते 'नाही' म्हणून ते थांबले नव्हते. 'नाही'पुढे एक अक्षर जोडले की 'आता' येतो, हे त्यांना दीड वर्षाचा अवकाश घेऊन सांगायचे होते.

ती ध्वनिमुद्रिका पुतण्याने मला स्वतः आणून ऐकवली. आम्ही दोघे त्याच खोलीत बसलो होतो. ती संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, बाबांना यातले काहीच आवडले नसते." आणि नऊ महिन्यांनी तो प्रथमच रडला. त्यानंतर त्याने बापाच्या कपाटातल्या ध्वनिफिती काढल्या आणि मला विचारले, "यातले आधी काय ऐकू?"

आपण सगळ्यांनी हे संगीत आवडून घ्यावे असा माझा आग्रह मुळीच नाही. मला स्वतःला त्यातले निम्मे अजून पेलत नाही. मागणे एवढेच आहे की आपल्या घरातले एखादे पोर कानाला यंत्र लावून भिंतीकडे तोंड करून बसलेले दिसले, तर त्याला 'हा काय गोंगाट' असे म्हणण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसावे आणि एक तबकडी पुरती ऐकावी. मिनिटभर नव्हे, पुरती. त्याची जवारी कोठे लागली आहे, ते त्यावाचून कळत नाही.